माडाकडचा कुणगा पड नाही

पंपाच्या खोलीत रिकामी पोती साठतात. कोणी मुद्दाम आणून ठेवत नाही, कोणी बाहेरही टाकत नाही. आमच्या शेतावरच्या किस्स्यांचं तसंच आहे. डिचोली तालुक्यातला आमचा गाव. गावाखाली भाताचे बारा कुणगे, म्हणजे शेताचे तुकडे, एकमेकांना लागून, आणि बारा जणांत मिळून एक पंपाची खोली. सकाळी पाववाला पोदेर सायकलवरून उंडे देऊन गेला की आम्ही चहाची किटली घेऊन तिथे बसतो. बसलो की कोणीतरी म्हणतो, "शाणूबाबचं ते सांगा." शाणू म्हणजे मी. दुसरे सांगतात तेव्हा पदरचं घालतात. म्हणून या वेळी मीच लिहितो. चौथी शिकलोय. घडलं तेवढंच लिहायला चौथी पुरते.

आधी नियम सांगतो. तो कळला नाही तर पुढचं काही कळणार नाही.

आषाढात टिलरने चिखलणी झाली की आमच्या बारा जणांच्या कमिटीचा अध्यक्ष वहाणा काढून एकेका कुणग्यात उतरतो. मध्यापर्यंत जातो, परत मेरेवर, म्हणजे बांधावर, येतो आणि सगळ्यांना पाय दाखवतो. घोट्यापर्यंत चिखल असला तर वहीत त्या कुणग्यापुढे 'चिखल' लिहायचं. पाय स्वच्छ आला तर 'पड', म्हणजे शेत पडीक. जमीन गावाची, आम्ही फक्त कसणारे, म्हणून ओळीने दोन वर्षं पड लागलं की तो कुणगा दुसऱ्याला कसायला जातो. अपील नाही, अर्ज नाही. पाय सांगेल ते खरं.

माझा कुणगा माडाकडचा, सगळ्यांत वरचा. खाणी जोरात होत्या तेव्हा वरच्या ढिगाऱ्याची लाल माती पावसाच्या पाण्याबरोबर माझ्याच शेतात आधी उतरली. वाळली की विटेसारखी. खाण बंद झाली, ट्रक गेले, माती राहिली. मी तिच्यावर वर्षानुवर्षं शेण, पाला, पेंढा घालत गेलो. वीतभर काळी माती जमली. ती देवाने दिलेली नाही, सरकारने दिलेली नाही, मी केली. आणि दर वर्षी टिलर यायचा आणि खालची लाल वर, वरची काळी खाली करून जायचा. एका वर्षी म्हटलं, पुरे.

* * *

कमिटीचा अध्यक्ष गुणाजी. टिलरही त्याचाच. आम्ही एका इस्कोलात एका बाकावर बसलो, एकाच छडीचा मार खाल्ला, आणि तेव्हापासून एकमेकांचं ऐकत नाही.

ज्येष्ठात तो टिलर घेऊन माडाकडे आला. मी मेरेवर उभा.

"बाजूक हो मरे. चिखल उडेल अंगावर."

"नाही उडणार."

"का?"

"तू आत येणार नाहीस."

त्याने इंजिन बंद केलं. "मग भात कुठे लावणार? बाल्दीत?"

"शेतातच लावीन. शेत न फोडता."

गुणाजीने टिलरवर बसून एक विडी ओढली. मग दुसरी ओढली. मी हललो नाही. ऊन डोक्यावर आलं. गुणाजीच्या टिलरला मागे जायचा गिअर आहे हे गावाला त्या दिवशी कळलं.

* * *

बांबूच्या काठीला मी लोखंडी टोक बसवलं. मी जमिनीत भोक पाडायचं, माझी बायको सुमती त्यात चार दाणे टाकून टाचेने दाबायची. जुना पेंढा होता तसाच वर. आठ दिवस आम्ही दोघं वाकलेली.

शेजारचा कुणगा मधूचा. मधू मूळचा बांद्याचा. खनिजाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून आला, खाण बंद पडल्यावर सगळ्यांत लहान कुणगा कसायला घेऊन इथेच राहिला. दहावी झालेला, अक्षर चांगलं, म्हणून कमिटीची वही त्याच्याकडे. तो मेरेवर येऊन बराच वेळ बघत राहिला.

"शाणूबाब, शेताला इंजेक्शन देताय?"

मी पुढचं भोक पाडलं. सुमतीने कंबर सरळ केली.

"होय रे. गुणाजीभाऊ ऑपरेशन करतात. आम्ही इंजेक्शनवर भागवतो."

मधू तिथून गेला तो थेट पंपाच्या खोलीत. दुपारपर्यंत गुणाजीचं नाव डॉक्टर पडलं होतं.

* * *

आषाढ आला. माझं भात टीचभर वर आलेलं, हिरवंगार. बाकीच्या अकरा कुणग्यांत नुसता चिखल, लावणी व्हायची होती. गुणाजी सगळीकडे उतरला, पाय दाखवले, मधूने अकरा वेळा 'चिखल' लिहिलं. मग माडाकडे. गुणाजी माझ्या भाताच्या ओळींमधून जपून गेला, जपून आला आणि पाय वर केला. पायाला पेंढ्याची एक काडी.

"पड," म्हणाला.

"गुणाजी, भात उभं आहे. तू आता त्याच्यातूनच चालून आलास."

"दिसतंय. पण नियम पायाचा आहे, डोळ्यांचा नाही."

"असला कसला नियम?" सुमती म्हणाली.

गुणाजीने माझ्याकडे पाहिलं. "वैनीला सांग, नियम कोणी केला तो."

सांगावं लागलं. नियम मी केला. वीस वर्षांपूर्वी अध्यक्ष मीच होतो. केशव नावाचा एकजण होता, तो नांगर न घालता नुसतं बी फेकायचा. लांबून हिरवं दिसायचं. मी म्हटलं, डोळ्यांना फसवता येतं, पायाला नाही. दोन वर्षं त्याच्या शेतात मी स्वतः उतरलो आणि दोन्ही वर्षं पड लिहायला लावलं. केशवचा कुणगा गेला. तो तेरेखोलला एका हॉटेलात कामाला लागला. जाताना काहीतरी सांगायला आला होता. मी त्याचं ऐकून घेतलं नव्हतं.

मधूने 'पड' लिहिलं. लिहिताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, कारण पुढच्या वर्षी पुन्हा पड लागलं तर माझा कुणगा त्याला जायचा होता. सगळ्यांत लहान तुकडा ज्याचा, त्याचा पहिला हक्क. हाही नियम माझाच.

घरी आल्यावर सुमती म्हणाली, "नियम बदलून घ्या की."

"माझ्यावर आला म्हणून बदलू?"

"मग पुढच्या वर्षी टिलर घाला."

"घालणार नाही."

"मग काय करणार?"

"नियमही ठेवणार आणि शेतही ठेवणार."

पाऊस आत येईल म्हणून ती जनेल बंद करायला उठली. जनेल आधीच बंद होतं.

* * *

त्या वर्षी पीक कमी आलं. लपवत नाही. तण माजलं, आम्ही दोघं काढून काढून थकलो. पण जे आलं ते भरलेलं होतं. सुमतीने भात उकडून तांदूळ केले.

कापणीनंतरची मीटिंग पंपाच्या खोलीत होती. विषय एकच, माडाकडचा कुणगा. मी पेजेचं टोप घेऊन गेलो. वर खाराची कैरी. सगळ्यांना वाटी वाटी दिली. गुणाजी जेवायला बसला की बोलत नाही, हे मला बाकावरच्या दिवसांपासून ठाऊक. एक वाटी संपली, दुसरी घेतली, तीही संपली.

"पेज बरी आहे मरे," गुणाजी म्हणाला. "तांदूळ खंयचे?"

"पड शेताचे. जपून खा, तुझ्या वहीप्रमाणे हे तांदूळ उगवलेच नाहीत."

गुणाजीने वाटी खाली ठेवली आणि त्या दिवशीची मीटिंग कैरीवर संपली.

* * *

पेजेची गोष्ट गावाबाहेर गेली. कशी गेली ते मधूला विचारा. त्यामुळे पुढच्या ज्येष्ठाच्या आधी, पंपाच्या पाण्यावरचं उन्हाळी भात उभं होतं तेव्हा, मातीचं शिक्षण घेतलेली एक मुलगी मोटारीतून पारदर्शक डबे घेऊन आली. नाव मृणाल. गुडघ्याएवढे डबे, वर रबराचं बूच. दोन माझ्या कुणग्यात पालथे घातले, दोन गुणाजीच्या. बुचात सुई घालून ती आतली हवा ओढून घ्यायची आणि बाटलीत भरायची.

"आजोबा, तुम्ही नांगर का सोडला?"

"आजोबा नको. शाणूबाब म्हण."

"शाणूबाब, का सोडला?"

"माझी मर्जी."

तिने ते वहीत लिहिलं. मला मुलगी आवडली.

मग तिने सांगितलं. जमिनीत जुनी मुळं, पेंढा, पाला कुजून कार्बन साठतो. काळी माती काळी दिसते ती त्यानेच. नांगर फिरला की ढेकळं फुटतात, आत हवा शिरते, मातीतले बारीक जीव तो साठा भराभर खातात आणि त्याचा गॅस होऊन वर जातो. शिवाय चिखल करून पाणी तुंबवलं की तिथे हवाच उरत नाही, मग दुसरा गॅस निघतो, दलदलीत बुडबुडे येतात तो. तो हवेला जास्त तापवतो.

"म्हणजे चुलीतली राख उकरली की आतला निखारा पेटून संपतो," मी म्हटलं. "झाकून ठेवला तर सकाळपर्यंत राहतो."

ती थांबली. "परत सांगा." आणि तेही लिहून घेतलं. चौथी शिकलेल्या माणसाचं बोलणं कोणी वहीत उतरवून घेताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"पण तुमच्या शेतातसुद्धा पेंढा पाण्यात बुडून कुजला तर तो दुसरा गॅस वाढेल," ती म्हणाली. "पाणी साचू देऊ नका."

मी मेर एका जागी फोडून जादा पाणी मधूच्या कुणग्यात सोडलं. मधूला पाणी मिळालं, मला कोरडं मिळालं. ती मला हवा वाचवली म्हणून शाबासकी देऊ लागली, तेव्हा स्पष्ट सांगितलं, "हे मी हवेसाठी केलं नाही, माझ्या वीतभर काळ्या मातीसाठी केलं. त्यात हवा वाचत असेल तर माझी हरकत नाही."

* * *

एका सकाळी माझ्या कुणग्यातला एक डबा गायब. मृणालचा चेहरा पडला. शोधत शोधत मधूच्या अंगणात गेलो, तर डबा तिथे पालथा, आत कोंबडीची सात पिल्लं.

"मुंगूस येतं हो," मधूची बायको म्हणाली. "आणि यातून ऊन पण लागतं."

मृणालने डोक्याला हात लावला. मधूने वेळ सावरली. "बाय, आता घातलाच आहे तर यांचा पण गॅस मोज. ही पण जमीन उकरतात."

* * *

पहिल्या मोजणीचा रिपोर्ट आला त्या दिवशी गुणाजी इस्त्रीचा शर्ट घालून पंपाच्या खोलीत आला होता. मृणालने आकडे वाचले. शाणूबाबच्या शेतातून गॅस कमी, गुणाजीकाकांच्या शेतातून बराच जास्त.

गुणाजी उठून उभा राहिला. माझ्याकडे न बघता मधूला म्हणाला, "जा, डिचोलीच्या बाजारातून पेढे घेऊन ये."

"कशाला?"

"दोन कुणग्यांत माझा पहिला आला."

मृणाल हळूच म्हणाली, "काका, यात कमी आलेला बरा."

गुणाजी बसला. शर्टाची बाही नीट केली. "मधू," म्हणाला, "पेढे राहू देत. बिस्किटं आण."

मी तिला तिथेच सगळ्यांसमोर विचारलं, "म्हणजे माझं बरोबर?"

"एका हंगामावरून नाही सांगता येणार," ती म्हणाली. "चार-पाच वर्षं मोजायला हवं. पाऊस बदलला की आकडे बदलतात."

मला राग यायला हवा होता. आला नाही. जी माहीत नसलेलं माहीत नाही म्हणते, तिच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो.

गुणाजीने मात्र तिला गाठलंच. "बाय, एक कागद लिहून दे. शाणूचं शेत पड नाही म्हणून. म्हणजे माझ्या डोक्याचा ताप जाईल."

"मी शेतातून किती गॅस निघतो ते लिहू शकते. पड आहे की नाही ते तुमची कमिटी ठरवते ना?"

"आणि मला कागद नकोच," मी म्हटलं. "माझं शेत कागदावर उभं नाही."

गुणाजी चिडला. "शाणू, मी तुझं शेत वाचवायला बघतो आणि तू मला लाथ मारतोस. आषाढात माझा पाय स्वच्छ आला तर मी पड म्हणणार. मला तुझ्यासारखंच वागावं लागेल."

"माझ्यासारखंच वाग. मी दुसरं काही मागितलं नाही."

* * *

मोजणी चालू होती तेव्हा मृणालच्या वरिष्ठांनी एक मोठा बोर्ड पाठवला. 'नांगरणीविना भातशेती, आदर्श प्रात्यक्षिक'. मी म्हटलं, माझ्या शेतात बोर्ड नको. लोक बोर्ड बघतील, भात बघणार नाहीत.

बोर्ड परत नेता येईना, म्हणून तो रस्त्याकडेच्या मेरेवर ठोकला. ती मेर गुणाजीची.

चार दिवसांनी पाहुण्यांची एक गाडी आली. कोण होते, विचारलं नाही. बोर्ड वाचला, बोर्डामागचं शेत पाहिलं, फोटो काढले. गुणाजी तिथेच होता. त्यांनी त्याला पुढे केला आणि बोला म्हणाले. गुणाजीला कोणी बोला म्हटलं की तो थांबत नाही. जमिनीला जखम करू नये, मातीला झाकून ठेवावं, निखारा झाकतात तसं, माझेच शब्द घेऊन पंधरा मिनिटं बोलला.

फोटो नंतर मधूच्या मोबाईलवर आला. बोर्ड, बोर्डाखाली गुणाजी, आणि गुणाजीने हात टेकलाय तो त्याच्या टिलरवर. टिलरच्या पात्यांवरून चिखल ठिबकतोय.

"भाषण बरं झालं," मी त्याला म्हटलं.

"बोललो ते पटलं मरे मला," गुणाजी म्हणाला. "तिथेच उभ्या उभ्या पटलं. पण टिलर कुठे लपवणार होतो?"

* * *

आता शेवटचा.

तो दुसरा आषाढ. या वेळीही आम्ही काठीनेच पेरलं होतं, पण पंधरा दिवस आधी. पाय दाखवायच्या दोन दिवस आधी पावसाने जोर धरला आणि वरच्या जुन्या ढिगाऱ्याखालचा पाट फुटला. खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली, पण लाल पाणी वाट विसरलेलं नाही. आधी माझ्या कुणग्यावर आलं, मग बाजूने वळून खाली सगळ्यांवर. पाऊस थांबला तेव्हा सगळं शेत लाल दिसत होतं. अकरा जणांनी लावणीसाठी केलेला मऊ चिखल, त्यात ती माती जाऊन बसली.

तरी पाय दाखवायचा दिवस पुढे ढकलला नाही. आमच्याकडे ढकलत नाहीत. अकराही जण मेरेवर होते. मृणालही आली होती. सुमती कधी येत नाही, ती आली आणि माडाला टेकून उभी राहिली.

गुणाजी खालून सुरुवात करून एकेका कुणग्यात उतरला. बाहेर आला की पाय दाखवायचा. पोटरीपर्यंत लाल. मधू लिहीत होता, चिखल. चिखल. स्वतःच्या कुणग्यापुढेही त्याने चिखल लिहिलं. अकरा झाले.

माडाकडे आलो. गुणाजीने पंपाच्या पाण्याने पाय धुतले. खसखसून धुतले, नखांतलं लालसुद्धा काढलं. माझ्यावर उगाच मेहेरबानी झाली असं कोणी म्हणू नये म्हणून असेल. मग मेरेवरून माझ्या शेतात उतरला.

मेरेलगत दोन हात जागा लाल होती. तिथे पेंढ्याला आणि मुळांना अडकून तो गाळ थांबला होता. गुणाजी त्यावरून लांब पाऊल टाकून पुढे गेला. भात गुडघ्याला लागत होतं. मध्यावर पोचला आणि थांबला. दर वर्षी तो मध्यावर पोचून लगेच वळतो. त्या दिवशी वळला नाही. खाली बघत उभा राहिला. पायाची बोटं हलवली. मग दुसरा पाय पुढे टाकून पाहिला.

"काका, काही टोचलं काय?" मधूने हाक मारली.

गुणाजी वळला. सावकाश परत आला, मेरेवर बसला आणि दोन्ही पाय पुढे केले.

चिखल नव्हता. घोटे स्वच्छ. बोटांच्या मध्ये आणि तळव्याला काळी माती लागलेली, कालवलेल्या नाचणीसारखी मऊ, आणि तिच्यात एक गांडूळ, अर्धं बाहेर.

सगळे वाकून बघत होते. मी वाकलो नाही. मला ती माती ओळखीची होती.

मधूने पेन वहीवर टेकवलं. "काका, काय लिहू?"

गुणाजी तळवा निरखत होता.

"चिखल नाही म्हणजे पड लिहू?" मधूचा आवाज बारीक झाला. "मला नको हो हा कुणगा. पण लिहू काय?"

"शाणू," गुणाजी माझ्याकडे बघून म्हणाला, "नियम पायाचा आहे ना?"

"पायाचा."

"वही दे इकडे."

मधूने दिली. गुणाजीचं अक्षर इस्कोलात होतं तसंच आहे, मोठं आणि वाकडं. त्याने एक एक अक्षर दाबून लिहिलं, वही मिटली, गांडूळ दोन बोटांनी उचलून परत माझ्या शेतात सोडलं आणि वहाणा हातात घेऊन अनवाणीच घरी निघाला.

ती वही अजून पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगलेली आहे. कोणीही उघडून बघावी. त्या वर्षीच्या पानावर बारा ओळी आहेत. अकरा ओळींत मधूच्या सुंदर अक्षरात 'चिखल'. बाराव्या ओळीत, गुणाजीच्या हातचं, 'माती'.